साडेचार पावलं कमी

लग्नाचं शूटिंग ठरवायला बसलं की पॅकेजचा कागद समोर येतो. त्यात प्री-वेडिंग, कँडिड, सिनेमॅटिक, टीझर, ड्रोन ही मानाची मंडळी वर बसलेली असतात आणि अगदी तळाशी 'ट्रॅडिशनल व्हिडिओ – १ माणूस' अशी ओळ असते. घासाघीस सुरू झाली की पहिली कुऱ्हाड या माणसावरच पडते. माझं म्हणणं उलट आहे. पैसे मोजायचेच असतील तर आधी याला मोजावेत. ड्रोन गेला उडत.

चार-पाच मिनिटांच्या हायलाइट्समध्ये काय असतं ते एकदा नीट बघा. शालू हँगरवर एकटाच डुलत असतो. नवरदेव मनगटावर घड्याळ चढवतो, वेळ मात्र बघत नाही. मंगलाष्टकांचा आवाज बंद करून त्यावर पंजाबी गाणं टाकलेलं असतं, त्यामुळे 'सावधान' हा एकमेव उपयुक्त सल्लाही ऐकू येत नाही. सप्तपदीची गोष्ट तर थेट कायद्यापर्यंत जाते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार, विधीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. हायलाइट्समध्ये स्लो मोशनमुळे पावलं पडतात अडीच. तिसरं पूर्ण होण्याआधी ड्रोन कार्यालयाच्या पत्र्यावर घिरट्या घालायला निघून जातो. ही फिल्म पुरावा म्हणून दाखवली, तर जोडपं साडेचार पावलांनी अविवाहित ठरेल.

ट्रॅडिशनलवाला सातही पावलं घेतो, कारण काय गाळावं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. त्याचं खरं कर्तृत्व पंगतीत दिसतं. दिवा घेऊन तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जातो. उजेड अंगावर आला की काका चावायचे थांबतात, गालात अर्धी जिलबी धरून ताठ बसतात आणि उजेड पुढे सरकला की पुन्हा चावू लागतात. शेजारच्या काकू पदर सावरतात, मठ्ठावाला जग तिरका धरून तसाच उभा राहतो. कलेच्या दृष्टीने हे सगळं शून्य. पण आत्या जेवून गेल्या की रुसून, विहिणींच्या पंगतीत आधी कोणाला बसवलं, कानपिळीला कोणाचा भाऊ उभा होता, हे खटले पुढची वीस वर्षं चालतात आणि त्यांचा निकाल याच फुटेजवर लागतो.

तीन तासांचं कोण बघणार, असं विचारतात. सलग कोणीच नाही. शब्दकोशही कोणी सलग वाचत नाही. अडलं की पान काढतात. व्हीएचएसच्या काळात १८० मिनिटांची कॅसेट भरायची असे, म्हणून मिक्सिंगवाला नवरीचा चेहरा गुलाबात फिरवायचा, पण पंगतीला कात्री लावत नसे. हल्ली सगळ्यांकडे मोबाइल असतो, हाही आक्षेप घेतात. असतो ना! त्यात उभं चित्र, पुढच्याचं टक्कल आणि मध्येच 'अगं, पिंट्याला धर' एवढं येतं. ते स्टेटसला लागतं आणि चोवीस तासांत दिसेनासं होतं.

एक तक्रार मात्र खरी आहे. अंतरपाट दूर होताच कॅमेरावाल्यांच्या पाठींचा दुसरा अंतरपाट धरला जातो आणि पाहुणे त्या पाठींवर अक्षता टाकतात. त्यात आमचा ट्रॅडिशनलवालाही असतोच. पण ती एक पाठ झाली; सिनेमॅटिकच्या पाच पाठी, एक गिंबल आणि 'सर, हार पुन्हा एकदा घाला' म्हणणारा दिग्दर्शक वेगळा. त्याच्यापुढे गुरुजींचा मुहूर्तही रीटेकसाठी थांबतो.

तेव्हा ॲडव्हान्स देण्याआधी टीझर बघू नये. एखाद्या जुन्या लग्नाची पंगत दाखवा म्हणावं. त्यावर तो 'फूड कव्हर करतो ना सर' म्हणत जिलबीचा क्लोजअप दाखवू लागला, तर चहा संपवावा आणि उठावं.