अकरावा कोण?

पावसाळ्यात शहाणा माणूस छत्री घेतो. मुंबईकराने १९४८ साली क्रिकेटची लीगच काढली, डॉ. एच. डी. कांगांच्या नावाची. खेळपट्टी ओली, गवत वाढलेलं. सीमेकडे निघालेला चेंडू वाटेतच बसकण मारतो. इथे वीस धावा काढणाऱ्याने आठवडाभर कॉलर ताठ ठेवायला हरकत नाही.

पण खरी मॅच शनिवारी रात्री रंगते. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीस जण. 'क्लब म्हणजे एक कुटुंब' हे वर्षभर सगळ्यांना मान्य. 'उद्या आठला मैदानावर' म्हटलं की कुटुंब विभक्त होतं. एकाकडे सत्यनारायण, एकाचा गुडघा, एकाला मेगाब्लॉक. मेगाब्लॉक हार्बरवर, हा राहतो दादरला! (उरलेले नुसताच अंगठा दाखवतात. तो होकार की निरोप, कळत नाही.)

सकाळी आझाद मैदानावर आम्ही नऊ जण. मैदान एक, खेळपट्ट्या अनेक. आमचा थर्ड मॅन शेजारच्या सामन्याच्या स्लिपला खेटून उभा. गणती करताना तोही आमचाच धरला होता. शेवटी स्कोअरर काकांना पॅड बांधले. उजवा डाव्या पायाला.

तेवढ्यात सर आली. पंच अकराला पाहून गेले, साडेबाराला पाहून गेले, सामना रद्द. तंबूत बटाटेवडे मागवले, तेव्हा मोजले तर माणसं सतरा निघाली.

पुढच्या रविवारी सामना आहे. तुमच्याकडे पांढरी पँट असेल, तर कळवा.