बंद होण्याची ऐपत

संध्याकाळी उज्जैनच्या टावर चौकात उभं राहिलं, की डोक्यावर एवढं मोठं घड्याळ असूनही खाली कुणाला वेळेचं सोयरसुतक नाही असं वाटतं. खाण्याच्या गाड्यांवर वाफा उठत असतात, फ्रीगंजची दुकानं उजळत जातात, आणि यातला प्रत्येक दिवा कुठल्या तरी खटक्याच्या मर्जीवर जगतो आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. माझ्याही नव्हतं. पण भाच्यानं घरीच ४८ व्होल्टचा पॉवर सप्लाय जुळवायला घेतला आणि त्याच्या डीसी बाजूला लावायचा खटका आणण्याचं काम माझ्याकडे आलं. निघताना त्यानं बजावलं, ‘‘मामा, रंग बघू नका, पाठ वाचा.’’

दुकानदारानं अंगठ्याएवढा काळा खटका पुढे सरकवला. ‘‘चल जाएगा, भाईसाहब.’’ या आश्वासनावर अर्धा माळवा सुखानं चालतो. मी चष्मा कपाळावरून खाली ओढला. पाठीवर बारीक अक्षरं होती, ६ ए, २५० व्ही, आणि पुढे एक इवलीशी लाट. लाट म्हणजे एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असती, तर डीसी. सगळी मेख त्या लाटेत होती.

घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणजे १०० वेळा शून्यावर येते. खटका उघडताना दोन टोकांमध्ये ताणली जाणारी ठिणगी अशा एखाद्या शून्यापाशी विझून जाते. डीसी शून्यावर येतच नाही. टोकं दूर सरकली तरी ठिणगी मधल्या हवेतून वाहत राहते, धातू जाळते, कधी टोकं एकमेकांना कायमची चिकटवूनही टाकते. म्हणून एसीवरचे ६ अँपिअर सहज तोडणारा खटका डीसीपुढे हात टेकतो. खटक्याची ऐपत दिवा लावण्यात नाही, विझवण्यात कळते.

हे ज्ञान व्हावं तेही उज्जैनात! जुने ज्योतिषी रेखांश याच गावापासून मोजत. त्यांची शून्य रेखा इथूनच गेलेली. सवाई जयसिंगांची वेधशाळा इथे अजून सावल्या मोजते. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी करवली. शून्याशी इतका घरोबा असलेल्या गावाला थांबणं जमत असेल, असं कुणालाही वाटेल. पण आमची मावशी याच गावची, आणि तिचा निरोप म्हणजे निव्वळ डीसी. रिक्षा सुरू झालेली, तिचा एक पाय आत, आई फाटकात. दोघींतलं अंतर वाढेल तसं बोलणं लांबायचं, लोणच्याच्या बरणीवरून कुणाच्या तरी साखरपुड्यावर जायचं. रिक्षा वळली तरी एक वाक्य मागे यायचंच. तेव्हा मला वैताग यायचा. आता फाटकात मी उभा असतो, आणि मागून ओरडून सांगायचं काहीतरी माझंच राहिलेलं असतं.

बरीच खोकी उलथीपालथी केल्यावर दुकानदाराला सरळ रेघेचा एक खटका सापडला. किंमत तिप्पट. मी म्हटलं, ‘‘इतना महंगा?’’

त्यानं खटका दोनदा टक्‌टक् करून दाखवला. ‘‘भाईसाहब, ये बंद भी तो करता है।’’