शून्य बाळगल्याचा गुन्हा

एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची २२.०४ आवृत्ती आली. २०.०४ वरून तिच्यावर गेलेल्यांच्या संगणकात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.८ आवृत्तीची जागा बिनबोभाट ३.१० ने घेतली. मग कुणी पायथनमध्ये लिहिलेल्या एखाद्या जुन्या, इमानी प्रोग्रॅमच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं. कर्सर क्षणभर गरगरला आणि थांबला. खिडकी नाही, तक्रार नाही, निरोपही नाही.

आपल्याकडे अशा वेळी आधी संगणक बंद करून चालू करतात, मग प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकतात, मग भाच्याला फोन लावतात. भाचा म्हणतो, “मामा, टर्मिनलमधून चालवून बघ.” तिथे मात्र प्रोग्रॅम मरण्यापूर्वी पानभर जबानी देऊन जातो. ती खालून वर वाचायची. शेवटच्या ओळीत आरोप असतो: टाइपएरर, पूर्णांक हवा होता, दशांश आला. वरच्या ओळीत घटनास्थळ. खिडकी पडद्याच्या मधोमध उघडावी म्हणून कुणीतरी १२८० ला २ ने भागलेलं असतं.

पायथन ३ मध्ये एका तिरप्या रेघेने भागलं की उत्तर दशांशातच मिळतं: ६४०.०. हे ६४०च आहे, असं पाचवीतलं पोरही सांगेल. पण पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या पायक्यूटी ५ ला पूर्णांकच लागतो आणि दशांशाचा आपोआप पूर्णांक करून देण्याची सोय ३.१० ने बंद केली. म्हणजे खिशात ‘पॉइंट शून्य’ घालणारी भाषा तीच आणि ते सापडलं म्हणून पकडणारीही तीच. पूर्वी ६४०.९ आलं तरी ती गुपचूप ९ गिळून ६४० पुढे सरकवायची. ही लपवाछपवी थांबवली हे योग्यच झालं. पण ज्याने काही लपवलंच नव्हतं, त्या शून्यालाही तीच शिक्षा!

भाषेची बाजू अशी की, आम्ही सूचना दिली होती. खोटं नाही. ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ पासून अशा प्रत्येक ठिकाणी इशारा निघत होता. फक्त तो ज्या वर्गातला, त्या वर्गातले इशारे पायथन सहसा दाखवतच नाही. खप नसलेल्या दैनिकाच्या आतल्या पानात जमिनीची जाहीर नोटीस छापायची आणि हरकत आली नाही म्हणून खरेदीखत उरकायचं, तशातली ही गत. इशारे पाहायचे तर प्रोग्रॅम खास पर्याय देऊन चालवावा लागतो आणि तो पर्याय ज्याला ठाऊक, त्याला बहुधा इशाऱ्याची गरज नसते.

उपाय फुकट आहे: एका तिरप्या रेघेच्या जागी दोन. खिडकी उघडते, घरात आनंद होतो. मग कुणीतरी आवाजाची पट्टी सरकवतं आणि प्रोग्रॅम पुन्हा कोसळतो, कारण तिथेही भागाकार आहे आणि चूक त्या ओळीपर्यंत पोचल्याशिवाय दिसत नाही. सगळे भागाकार हुडकून होतात तोवर नवा ऑक्टोबर येतो. पायथनची नवी आवृत्ती हल्ली दर ऑक्टोबरलाच निघते. २०२३ च्या ३.१२ ने तर प्रोग्रॅम बसवायला लागणारं डिस्ट्युटिल्स हे अख्खं मॉड्यूलच काढून टाकलं. अर्थात, सूचना दिली होती.

आता या काटेकोर भाषेच्या आवृत्त्यांचे क्रमांक पाहा. ३.९ च्या नंतर ३.१०! दशांश शिकलेल्या माणसाला ३.१० म्हणजे ३.१, म्हणजे ३.९ हून लहान. इथे मात्र शेवटच्या शून्याला पूर्ण मान. बऱ्याच प्रोग्रॅमरांनी आपोआप चाचण्या घेणाऱ्या यंत्रणेच्या यामल फाइलीत ३.१० हा आकडा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला. यामलने गणिताला स्मरून शून्य गाळलं आणि सर्व्हर इमानेइतबारे पायथन ३.१ शोधत बसले. ती आवृत्ती २००९ सालची.