मॅडम खाली, मजूरबाई वर

मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून बैहरकडे निघालं की वाटेत उकवा लागतं. तिथली मँगनीजची खाण भुयारी आहे. मालक मॉयल ही कंपनी, मुख्य कचेरी नागपुरात. या भागातल्या मँगनीजला बायकांचा हात काही नवा नाही. दगड फोडणं, वेचणं, माल निवडणं हे सगळं बायकांनी केलेलं आहे, पण जमिनीच्या वर. खाली उतरायला 1952 च्या खाण कायद्याची, कलम 46 ची मनाई होती. वरचं कामसुद्धा सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळात. थोडक्यात, बाईच्या डोक्यावर टोपली चालत होती, टोपीवरचा दिवा चालत नव्हता.

हे सगळं म्हणे काळजीपोटी. ही काळजी त्या कायद्याहूनही जुनी, पण 1943 साली ती रजेवर गेली होती. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा इंग्रज सरकारने मध्य प्रांत, बिहार आणि बंगालच्या कोळसाखाणींतली बंदी उठवली आणि बायका खाली उतरल्या. 1946 मध्ये गरज सरली, काळजी पुन्हा कामावर रुजू झाली.

2019 मध्ये केंद्र सरकारने भुयाराचं दार किलकिलं केलं. कुणासाठी? तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांवरच्या बायकांसाठी. त्यातही लेखी संमती हवी आणि एका पाळीत किमान तिघी हव्यात. म्हणजे मॅडम खाली जाऊ शकतात, मजूरबाईने वरच थांबायचं. धोका पगाराची श्रेणी बघून अंगावर येतो, असा हा शोध. नोव्हेंबर 2025 पासून नवी श्रमसंहिता लागू झाली आणि संमती असेल तर बायकांना सगळी कामं खुली झाली. कागदावर. भरती कुणाची होते ते बघायचं.

राजकारणात नेमकं उलटं. तिथलं दार खालून उघडलं. पंचायतींत बायकांना राखीव जागा देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीनंतर 1994 मध्ये पंचायत निवडणुका घेऊन मध्य प्रदेशाने देशात पहिला नंबर लावला. आज तिथल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ऑगस्ट 2022 मध्ये दमोह आणि सागर जिल्ह्यांत काही बायका निवडून आल्या आणि शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी आणि घरच्या पुरुषांनी! निवडून यायची कटकट तेवढी बाईकडे, बाकी घरचे बघून घेतील.

वरच्या मजल्यावर अजून कुलूप आहे. 2024 च्या लोकसभेत 543 पैकी 74 बायका. रवांडाच्या संसदेत 2008 पासून बायका निम्म्याहून जास्त आहेत. आपण 2023 मध्ये बायकांसाठी एक तृतीयांश जागांचा कायदा केला आणि त्याच कायद्यात लिहून ठेवलं की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग तुम्ही. ताट वाढलंय, पण आधी पाहुणे मोजू द्या.

बालाघाटच्या मतदारांनी मात्र वाट बघितली नाही. 2023 मध्ये विधानसभेला काँग्रेसच्या अनुभा मुंजारे यांनी मंत्री गौरीशंकर बिसेन यांना पाडलं. 2024 मध्ये भाजपच्या भारती पारधी बालाघाट लोकसभा मतदारसंघाच्या पहिल्या महिला खासदार झाल्या. त्याच निवडणुकीत अनुभाताईंचे पती, माजी खासदार कंकर मुंजारे बसपाकडून उभे होते. एका छपराखाली दोन पक्ष राहिले तर लोक संगनमत म्हणतील, असं सांगून ते घर सोडून झोपडीत राहायला गेले. मतदान होईपर्यंत मुक्काम तिथेच. भूमिका तत्त्वाची होती, नाही म्हणायला जागा नाही.

फक्त एक बारीकशी अडचण. त्याआधी काहीच महिने, विधानसभेच्या वेळी, ती काँग्रेसकडून बालाघाटला आणि ते गोंडवाना गणतंत्र पार्टीकडून परसवाड्याला उभे होते. पक्ष तेव्हाही दोन, छप्पर तेव्हाही एकच, आणि दोघं राहत होते त्याच घरात. मध्ये घडलं ते एवढंच, की ते हरले आणि ती आमदार झाली.