पंचवीसपैकी किती?

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, वडोदऱ्याच्या प्रतापनगरात कुणी कुणाची प्रकृती विचारत नव्हतं, "स्कोअर किती?" एवढंच. काका खोकले की धाडा एचआरसीटीला, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनला; फुफ्फुसं पंचवीसपैकी किती बिघडली, तो स्कोअर. आठवड्याने पुन्हा, स्कोअर उतरला का ते बघायला. गुजरात सरकारने दर ३,००० रुपयांवर बांधून दिला, त्यामुळे खिशाची तरी काळजी मिटली. किरणांचं काय, ते फुकटच!

मग ३ मे रोजी एम्सचे संचालक रणदीप गुलेरिया म्हणाले, एक सीटी म्हणजे छातीचे तीनशे-चारशे एक्स-रे. रेडिऑलॉजिस्टांची संघटना उसळली: छे, आधुनिक यंत्रावर पाच-दहाच! चारशेवरून पाचवर, एवढी घासाघीस मंगळबाजारातही होत नाही. गंमत अशी की पूर्ण खोटं कुणीच नव्हतं. नेहमीच्या छातीच्या सीटीला किरणांचा डोस साधारण ७ मिलिसीव्हर्ट, कमी डोसच्या सीटीला दीडच्या आसपास. एक्स-रेला, एकच काढला की दोन बाजूंनी त्यानुसार, ०.०२ ते ०.१. ज्याने त्याने सोयीचा भाज्य आणि सोयीचा भाजक घेतला.

आपल्या काकांना नेमका किती डोस मिळाला, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्यांचा स्कोअर सात आला होता आणि समोरच्या पटेलभाईंचा नऊ, हे अख्ख्या सोसायटीला पाठ होतं.