पाय टेकतात का?

मी मोटारसायकल घेतेय म्हटल्यावर कुणी किंमत विचारली नाही, अ‍ॅव्हरेज विचारलं नाही. "या वयात?" असंही कुणी तोंडावर म्हणालं नाही, पुण्यात राहून हे विशेषच. सगळ्यांचा प्रश्न एकच: "पाय टेकतात का?"

माझी उंची पाच फूट एक इंच. त्यातला इंच वडिलांनी स्थळं बघायच्या वेळी पत्रिकेसोबतच्या कागदावर चढवलेला आणि पुढे कुणी पट्टी लावून पाहिली नाही म्हणून टिकलेला. वय 48, नोकरी बँकेत. पंचवीस वर्षं गिअर नसलेल्या दुचाक्यांवर काढली. पायाशी दळणाचा डबा, हुकला भाजीची पिशवी, तोंडाला स्कार्फ. लायसन्सही तसंच, बिनगिअरचं. मग मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली, गिरणीवाला पीठ घरपोच द्यायला लागला, आणि पायाशी डबा नसलेली स्कूटर मला फार हलकी लागायला लागली. कारण एवढंच. लोकांना याहून भारदस्त कारण हवं असतं, ते माझ्याकडे नाही.

गिअरच्या लायसन्ससाठी पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' आणि महिन्याभरानं टेस्ट. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं आपली शंभर सीसीची गाडी दिली आणि रविवारी सकाळी मैदानावर नेऊन शिकवलंही. त्याची शिकवणी अशी, की चूक माझी झाली की माफी तो मागायचा. क्लच दणकन सुटला आणि गाडीनं बेडूकउडी मारली, "सॉरी काकू." न्यूट्रल समजून मी पहिल्या गिअरात क्लच सोडला, "सॉरी काकू."

टेस्टला आठचा आकडा काढायचा असतो. जमिनीला पाय लागला की नापास. पहिल्या खेपेला आठाच्या ऐन कमरेशी माझा पाय लागला. साहेब वर न बघता म्हणाले, "सात दिवसांनी या." दुसऱ्या खेपेला पोरानं बजावल्याप्रमाणे पुढच्या चाकाकडे न बघता, जिकडे जायचं तिकडे बघत राहिले आणि आठ निघाला. पहिलीत असताना पाटीवर निघाला होता, त्यापेक्षा बरा.

आता गंमत बघा. टेस्टला पाय टेकला तर नापास, आणि त्यानंतर भेटणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मते पाय टेकला नाही तर नापास.

आपल्या मोटार वाहन कायद्याला दुचाकीच्या बाबतीत गिअर आहे की नाही एवढंच बघायचं असतं. शंभर सीसीवर पास झालेल्या बाईनं त्याच आठवड्यात हजार सीसीची गाडी दारात उभी केली तरी कायदा हूं की चूं करत नाही. म्युनिकचा भाचा हे ऐकून हादरला. त्यांच्याकडे पोरांना आधी 35 किलोवॉटच्या आतली गाडी, ती दोन वर्षं चालवायची, मग पुन्हा टेस्ट, मग मोठी. "तू कुठली बघतेस?" मी साडेतीनशे सीसी, वीस हॉर्सपॉवर, असं जरा छाती पुढे काढून सांगितलं. त्यानं तिकडे हिशोब केला. "म्हणजे पंधरा किलोवॉट. मावशी, इथं ही छोटी गाडी गं!" मी फोन ठेवला. मोठी कुठली आणि छोटी कुठली हे माझे पाय ठरवतील, म्युनिक नाही.

खरं तर या खुळाचं मूळ साताऱ्याला, काकांच्या बुलेटमध्ये. 1955 साली मद्रासेत कंपनी निघाली तेव्हाच्या घाटणीची ती गाडी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सुरू करणं म्हणजे सोवळ्यातली पूजा. आधी हँडलवरची बारकी कळ दाबून इंजिनातला दाब मोकळा करायचा, किक हलकेच खाली नेत अँपिअरमीटरचा काटा बरोबर मध्यावर आणायचा, कळ सोडायची, आणि मग एकच सणसणीत किक. यात चूक झाली की किक उलटी येते. काकांच्या पोटरीवर तिची खूण होती आणि ते ती लढाईतल्या जखमेसारखी दाखवायचे. आम्हा भावंडांना टाकीवर बसवून पोवई नाक्यापर्यंत चक्कर व्हायची. परत आल्यावर भावांना म्हणायचे, "बघून ठेव कशी चालवतात." मला म्हणायचे, "उतर आता."

काका आता 83 वर्षांचे आहेत. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "काटा मध्यावर येतो का?" म्हटलं, काका, हिला तो काटा नाही. किकसुद्धा नाही, बटण आहे. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. पाय तरी टेकतात का?"

शोरूममध्ये नवऱ्याला बरोबर नेलं ही चूक झाली. विक्रेता मुलगा त्याच्याशीच बोलायला लागला. इंजिन, टॉर्क, सर्व्हिस, हप्ते, सगळं "सर, सर" करत. शेवटी माझ्याकडे वळून, "मॅडम, मागे बसून बघता का, कम्फर्ट कळेल." नवऱ्याला दुचाकी येत नाही. पंचवीस वर्षं तो माझ्या मागे बसून "उजवीकडून रिक्षा, उजवीकडून रिक्षा" एवढंच करत आलाय. तो शांतपणे म्हणाला, "मागे मीच बसतो." आणि बसून दाखवलं. नवरा म्हणून त्याचे जे काही गुण आहेत त्यात हा मी वरचा धरते.

क्लासिक 350 ची सीट 805 मिलिमीटरवर. बसले तर देवळातल्या घंटेला हात पोचवायला पोरं उभी राहतात तशी चवड्यांवर. शेजारून जाणाऱ्या माणसाच्या शर्टाच्या वाऱ्यानं कलंडले असते. पुणेकर म्हणून बजाजच्या अ‍ॅव्हेंजरला एक संधी दिली. तिची सीट 737 वर, वजन 163 किलो. पाय सपाट टेकले, पाठ मागे गेली, हात समोर पसरले, आणि नवरा म्हणाला, "आता पेपर देऊ का हातात?" आरामखुर्ची घरी आहे. शेवटी मधली सापडली, मीटिऑर 350. सीट 765. जाड तळव्याचे बूट घातले तर टाचाही जवळजवळ टेकतात. क्लासिकपेक्षा फरक 40 मिलिमीटरचा, म्हणजे वडिलांनी चढवलेला इंच आणि वर थोडं. लग्नापेक्षा इथं जास्त उपयोगी पडला असता.

वजन 191 किलो. घरी येऊन बेरीज केली: मी 58, नवरा 79, सासूबाई 54. बरोबर 191. म्हणजे मी अख्खं घर दोन चाकांवर तोलून धरणार होते, जे काही फार नवीन नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "मी बसले असते गं मागे. पण दोन्हीकडे पाय टाकून बसायचं तर नऊवारी हवी, आणि ती आता नेसवत नाही." माझ्या निर्णयावर एवढा मुद्देसूद अभिप्राय दुसऱ्या कुणी दिला नाही.

गाडी आली. पेढे झाले, हार झाला, चाकाखाली लिंबू झालं. तिसऱ्या दिवशी गाडी पडली.

पडली असं म्हणवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगानं वळत होते, हँडल पूर्ण उजवीकडे, आणि समोर मांजर. स्कूटरच्या सवयीनं पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं असताना हे करायचं नसतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि पुढचे दोन सेकंद कळतच राहिलं. गाडी म्हशीसारखी सावकाश बसली. मी शेवटपर्यंत तिची समजूत घालत होते. मांजर तिथंच उभं राहून बघत होतं. तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "सॉरी काकू!"

उचलायला चौघं धावले आणि चौघंही हँडलला लोंबकळले. तेवढ्यात पोरगा खाली आला. त्यानं आधी इंजिन बंद केलं, गिअर टाकला, आणि गाडी उजवीकडे पडलेली म्हणून वरच्या बाजूचं स्टँड आधीच बाहेर काढून ठेवलं. मग मला म्हणाला, गाडीकडे पाठ करा. सीटला बूड टेकवून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, आणि पायांनी रेटत एकेक पाऊल मागे. अरेच्चा, म्हटलं, हे तर कपाट सरकवणं! दर दिवाळीला करते. 191 किलो उभे राहिले. नुकसान म्हणजे उजवा इंडिकेटर आणि चौघांचा हिरमोड.

पहिली खरी रपेट दिवेघाटाची. रविवारी सहाला निघाले, नवऱ्याला झोपू दिलं. हडपसरपर्यंत क्लचनं डाव्या हाताला रडवलं. वडकी मागे पडली, घाट लागला, आणि तिथं पहिल्यांदा गाडी गप्प बसून माझं ऐकायला लागली. या इंजिनाची ताकद खालच्या फेऱ्यांतच असते, त्यामुळे स्कूटरसारखा पिळून जीव घ्यावा लागत नाही. तिसऱ्यावर ती मजेत चढते. वळणावर मान फिरवायची, नजर वळणाच्या शेवटी ठेवायची, की गाडी आपोआप तिकडे झुकते. खाली मस्तानी तलाव दिसला, म्हणजे दिसला असणार. मी वळणाच्या शेवटीच बघत होते. पालखीबरोबर हाच घाट दोनदा पायी चढलेय. तेव्हा विठोबा आठवला होता, या खेपेला काका आठवले. घाटमाथ्यावरच्या विठोबाच्या उंच मूर्तीपाशी मी उगाचच हॉर्न वाजवला.

सासवडला मिसळ खाल्ली. बाहेर आले आणि लक्षात आलं, की गाडी मी उतारावर, भिंतीकडे तोंड करून लावलीय. हिला रिव्हर्स नाही. पाय टेकत होते, दोन्ही, बुटांसकट. पण टेकलेल्या पायांनी 191 किलो चढावर मागे ढकलता येत नाहीत, आणि हे मला तोवर विचारणाऱ्या एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. एक चहा घेतला. भिंत काही हलली नाही. दुसरा चहा घेतला. मग वीस-बावीसची तीन पोरं आली आणि काही न विचारता त्यांनी गाडी मागे ओढून दिली.

तेव्हा रविवारी सकाळी तुम्ही सासवडकडे असाल आणि हेल्मेट काखेत घेऊन, तिसरा चहा पीत, भिंतीकडे बघत उभी असलेली एक बुटकी बाई दिसली, तर जरा हात लावा. मागचा दांडा धरा. इंडिकेटर धरू नका, उजवा नवीन आहे.