‘टू’ लावायचा की ‘इंग’?

स्पोकन इंग्लिशच्या क्लासात दोन रकान्यांचा एक तक्ता हमखास मिळतो. डाव्या रकान्यातल्या क्रियापदांपुढे ‘टू’ लावायचा, उजव्या रकान्यातल्यांपुढे ‘इंग’. पहिल्याचं नाव इन्फिनिटिव्ह, दुसऱ्याचं जेरंड. असं का, ते विचारायचं नाही. तक्ता पाठ करायचा, गाळलेल्या जागा भरायच्या आणि मग पुढच्या लेव्हलची फी भरायची.

तो तक्ता एकदा सावकाश वाचून बघा. डावीकडे प्रॉमिस, होप, प्लॅन, ॲग्री, ऑफर, प्रिटेंड. उजवीकडे ॲडमिट, डिनाय, अव्हॉइड, डिले, पोस्टपोन. डावीकडे निवडणुकीचा जाहीरनामा आणि उजवीकडे चौकशी आयोगापुढची साक्ष!

आणि खरं तर नियमही तोच आहे. वचन द्यायचं ते पुढच्या गोष्टीचं, नाकबूल करायची ती मागची. ड्वाइट बॉलिंजर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं 1968मध्ये हेच जरा शास्त्रशुद्ध मांडलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की ‘टू’मध्ये नुसती शक्यता असते आणि ‘इंग’मध्ये प्रत्यक्षातली, हाताला लागणारी गोष्ट.

पण नियम आला की पळवाटही आलीच. ‘मॅनेज’ केलेलं काम पार पडलेलं असतं, तरी त्याला ‘टू’. ‘पोस्टपोन’ केलेलं काम अजून व्हायचंच असतं, तरी त्याला ‘इंग’. यावर सारवासारव अशी करता येते, की पुढे ढकलायलासुद्धा आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं. मुंबईकरांना हे पटायला हरकत नाही. महापालिकेची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ शहराला नगरसेवकच नव्हते. न झालेली निवडणूक किती ठोस असते, हे त्यांनी प्रशासकाच्या राज्यात अनुभवलं आहे.

बरं, खुद्द इंग्रजांचं तरी यावर एकमत असावं? फाउलर बंधूंनी 1906च्या ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात ‘इंग’च्या आधी ‘हिम’ लावणाऱ्यांवर तोफ डागली. त्यांच्या मते ‘हिज गोइंग’ शुद्ध, ‘हिम गोइंग’ अशुद्ध. पुढे 1920च्या दशकात चांगल्या मुरलेल्या एका वैयाकरणानं त्यांना उत्तर दिलं. त्यांचं नाव ऑटो येस्पर्सन. त्यांनी नामवंत इंग्रज लेखकांचीच उदाहरणं पुढे मांडली आणि म्हटलं, तुमचे लोक तर कधीपासून असंच लिहितायत. येस्पर्सन डेन्मार्कचे. इंग्रजाला इंग्रजी समजावली ती डॅनिश माणसानं, आणि गाळलेल्या जागेत चूक केली म्हणून मार्क मात्र कापले जातात बार्शीच्या पोराचे.

आपल्याकडे या विषयातलं अंतिम न्यायालय म्हणजे ‘रेन अँड मार्टिन’. त्यातले रेन मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते. जगात मात्र त्यांचं नाव झालं ते ‘बो जेस्ट’ या 1924च्या कादंबरीमुळे. वाळवंट, फ्रेंच फॉरेन लीजन, कडक शिस्त आणि गोळीबार असा सगळा मामला. त्यांचं व्याकरण वाचतानाही आपली पोरं जीव मुठीत धरून का बसतात, हे यावरून लक्षात यावं.

आणि भ्यायचं तरी कोणाला? ‘इंग’ला तर आपण कधीच घरजावई करून घेतलं आहे. पार्किंग मिळत नाही, शूटिंग चालू आहे, तिकीट वेटिंगवर आहे, नळाचं फिटिंग गळतंय, साडीवर मॅचिंग ब्लाउज हवा, टेंडरमध्ये सेटिंग झालं. अंगणात बोअरिंग मारलं तरी कोणाला कंटाळा येत नाही. ‘टू’वाला मात्र सहसा उंबरठ्याच्या आत आला नाही. आला तो ‘टू डू लिस्ट’मधून, आणि ती यादी तशीच पडून असते. बॉलिंजर यांचा सिद्धांत मराठी माणसानं न वाचताच सिद्ध केला म्हणायचा.

त्याहून मोठी गोष्ट तक्त्यावाले सांगतच नाहीत. हा फरक मराठीत रोज बोलला जातो. ‘तो सिगारेट ओढायला थांबला’ आणि ‘त्यानं सिगारेट ओढायचं थांबवलं’ यांत कोणाचा गोंधळ होतो का? पहिला टपरीवर आहे, दुसऱ्याची बायको खुशीत आहे. इंग्रजीत पहिला ‘स्टॉप टू स्मोक’, दुसरा ‘स्टॉप स्मोकिंग’. ‘गॅस बंद करायला विसरू नकोस’ हा ‘टू’. ‘गॅस बंद केल्याचं आठवत नाही’ हा ‘इंग’, आणि तो गाडी खालापूरच्या टोलनाक्यावर आली की हटकून उच्चारला जातो. ‘खिडकी उघडायचा प्रयत्न कर’ म्हणजे खिडकी घट्ट बसली आहे, ‘ट्राय टू ओपन’. ‘खिडकी उघडून बघ’ म्हणजे खिडकी मजेत उघडते, उकाडा कमी होतो का ते बघायचं आहे, ‘ट्राय ओपनिंग’. अर्ज फेटाळणारं सरकारी पत्रसुद्धा ‘कळविण्यास खेद वाटतो’ असं म्हणतं. तो ‘रिग्रेट टू इन्फॉर्म’. ‘कळवल्याचा पश्चात्ताप होतो’ हा ‘रिग्रेट इन्फॉर्मिंग’, आणि अजून तरी कुठल्याही कार्यालयाला तो झाल्याचं ऐकिवात नाही.

मराठी कधी कधी तोंडघशी पाडते, हेही खरं. आपल्याला पोहायला आवडतं, म्हणून आपण बिनधास्त ‘एन्जॉय टू स्विम’ म्हणून मोकळे होतो. तिथे ‘स्विमिंग’च हवं. आपण कोणाला काही करायला सुचवतो, म्हणून ‘सजेस्ट टू डू’ म्हणतो, तेही चालत नाही. अशी दगाबाज क्रियापदं वेगळी काढली, तर यादी बरीच आटोपशीर होईल. पण आटोपशीर यादीचं जाडजूड पुस्तक कसं काढणार?

राहता राहिला तो ऑफिसातला महापातकी, ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’. देशभरातल्या ईमेलांचा शेवट या वाक्यानं होतो आणि ते वाचून कुणीतरी साहेब मनात हसतो. त्याला विचारा, इथे ‘हिअरिंग’ का? ‘करेक्ट असतं ते’ यापलीकडे तो सहसा जात नाही. कारण साधं आहे. हा ‘टू’ क्रियापदाचा नाहीच. ‘घराकडे’मधल्या ‘कडे’सारखं ते एक शब्दयोगी अव्यय आहे. ओळखायची खूण अशी, की ‘टू’नंतर एखादं नाम ठेवून बघायचं. ‘लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ चालतं, म्हणून तिथे ‘हिअरिंग’. ‘वाँट टू दिवाळी’ चालत नाही, म्हणून तिथे ‘हिअर’. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘यूज्ड टू’ यांनाही हीच खूण लावा. पैकी ‘यूज्ड टू’चे दोन अवतार आहेत. सवय झालेल्याला ‘इंग’, आणि पूर्वी करायचो, आता करत नाही, त्याला नुसतं क्रियापद.

एवढा नियम एका ओळीत मावतो. क्लासवाले तो सांगत नाहीत, कारण एका ओळीची फी तीन हप्त्यांत घेता येत नाही.